‘लोक काय म्हणतील?’ आणि मूसांची दुवा

‘लोक काय म्हणतील?’ हा आपल्या मराठी घरांतला फार जुना पाहुणा. न बोलावता येतो आणि लवकर उठत नाही. मुंबईहून विमानात बसताना वाटतं, चला, सुटलो एकदाचे! मस्कतला उतरून बघावं, तर स्वारी आपल्या आधीच हजर. मुलाला दहावीत किती पडले, गाडी कुठली घेतली, गावी बंगला बांधला की फ्लॅटवरच भागवलं? परीक्षा काही संपत नाही.

पण हा विषय नुसता हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१४ च्या मध्यापासून तेलाचे भाव घसरले. जानेवारी २०१८ मध्ये ओमान सरकारने ८७ प्रकारच्या कामांसाठी परदेशी माणसांना नवे व्हिसा देणं थांबवलं. त्यात इंजिनिअरिंगची कामंही होती. मागोमाग २०२० ची महामारी आली. आपल्या तरुणांना आधी काम मिळावं, असं कुठल्याही देशाला वाटणारच; त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याची नोकरी जाते, तो माणूस गावी कळवत नाही, मंडळाच्या कार्यक्रमांना येणं बंद करतो, फोन घ्यायचं टाळतो. पैशाची काळजी असतेच. पण तोंड कसं दाखवायचं, ही काळजी त्याहून मोठी होऊन बसते. ‘अब्रू’ हा शब्द मूळ फारसी. ‘आब’ म्हणजे पाणी आणि ‘रू’ म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं ते पाणी उतरेल, ही ती भीती.

ज्यांच्या देशात आपण राहतो, त्या माणसांकडे या भीतीवर एक जुना उपाय आहे. मोठ्या साहेबांसमोर उभं राहायचं असो वा मुलाखत असो, आत जाण्यापूर्वी ओमानी सहकारी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. बरेचदा ती मूसांची दुवा असते. नमाजाचे अरबी शब्द ठरलेले असतात. दुवा म्हणजे देवाकडे केलेलं मागणं. ते कधीही करता येतं आणि नमाजाबाहेर आपल्या भाषेतही करता येतं.

मूसा म्हणजे बायबलातले मोझेस. फरोह राजाच्या दरबारात जाऊन त्याला खडे बोल सुनावण्याची आज्ञा त्यांना झाली. कुराणाच्या २६ व्या अध्यायात मूसा आपली धास्ती मोकळेपणाने सांगतात: ते लोक मला खोटं ठरवतील, माझी छाती दडपते, जीभ चालत नाही, शिवाय माझ्यावर त्यांचा जुना आरोपही आहे. एवढा मोठा प्रेषित. पण ‘मला कसली भीती?’ असा आव आणत नाही. पंधराव्या अध्यायातही लोकांच्या बोलण्याने पैगंबर मुहंमदांची छाती आवळून येते, याची देवाला जाणीव असल्याचं म्हटलं आहे. त्यावर उपाय सांगितला आहे तो ईशस्तवन आणि साष्टांग नमनाचा.

मूसांचं मागणं विसाव्या अध्यायात, ‘ताहा’ सूरेत येतं. ते चार गोष्टी मागतात: छाती रुंद व्हावी, काम सोपं व्हावं, जिभेची गाठ सुटावी आणि आपलं बोलणं लोकांना कळावं. लोकांनी वाहवा करावी, असं मागणं त्यात नाही. फरोहचं तोंड बंद कर, असंही नाही. लोक आहेत तसेच राहोत, माझ्या आत जागा होऊ दे, एवढंच. छातीसाठी इथे अरबी शब्द आहे ‘सद्र’. आपल्या वाड्याची ‘सदर’ आली ती याच शब्दातून. सदर ऐसपैस असली की येणारा चार शब्द बरे-वाईट बोलून गेला, तरी घर डगमगत नाही.

हे आपल्याला परकं वाटू नये. जनलज्जा सोडून भर बाजारात भजनाला निघालेली जनाबाई आपलीच ना? वाट निराळी, पण भार उतरवण्याची जागा तीच.

आणि या दुवेचा पुढचा भाग तर आपल्या मंडळांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. छाती रुंद व्हावी, एवढ्यावर मूसा थांबत नाहीत. माझा भाऊ हारून मला सोबतीला दे, असंही ते मागतात, आणि ते मागणं मान्य होतं. म्हणजे देवाकडे मन मोकळं करायचं आणि माणसाचा आधार घ्यायलाही लाजायचं नाही.

तेव्हा मंडळी, गणपतीला, कोजागिरीला हमखास दिसणारं एखादं कुटुंब दोन कार्यक्रमांत दिसलं नाही, तर त्याबद्दल आपापसांत कुजबुज करण्यापेक्षा सरळ त्यांच्या घरी जावं. चौकशी नको, सल्ले नकोत. चहा प्यावा, मुलांशी बोलावं, आणि निघताना ‘काही लागलं तर अर्ध्या रात्री फोन कर’ एवढं म्हणावं. त्या घराला त्या दिवशी ‘लोक’ नको असतात, एखादा हारून हवा असतो.