न्हाणी का तुंबते?

सिव्हिलच्या पुस्तकात ‘नहाणी ट्रॅप’ हा शब्द वाचून हसू येतं, कारण तो आपल्या न्हाणीवरूनच आलेला आहे. जाळीखालच्या या भागात सुमारे ५० मिलिमीटर पाणी कायम साठून राहतं आणि गटाराचा वास अडवतं. केसही अडकतात ते इथेच.

परतूरकडे बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियममुळे साबणाचा न विरघळणारा चिकट साका होतो, तो केसांना धरतो आणि बोळा बनतो. उन्हाळ्यात आंघोळ अर्ध्या बादलीत उरकायची, मग पाण्याला जोर कुठून येणार?

लोक सरळ ॲसिड ओततात. त्याने क्षार सुटतात, केस मात्र तसेच! आधी कोणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. कॉस्टिक सोडा केस विरघळवतो खरा, पण कातडीही जाळतो.

त्यापेक्षा जाळी काढा, हातमोजा घाला आणि टोक वाकवलेल्या तारेने बोळा वर ओढा. आत ढकलू नका, तो पुढच्या पाइपात बसतो. मग बादलीभर पाणी एकदम ओता. विंचरलेल्या केसांचा गुंता कचऱ्यात टाकायचा, मोरीत नाही.

सुट्टीनंतर होस्टेलवर आल्यावर नुसताच वास येत असेल, तर ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं. दोन तांबे पाणी ओतून बघा.