चाळीस लाखांची रेघ आणि सीमेवरचं दुकान

अक्कलकोटला वटवृक्ष स्वामी समर्थ मंदिराच्या आसपासच्या बहुतेक दुकानांचा धंदा एकाच प्रकारचा आहे. दुसऱ्याने केलेला माल ठोक भावात घ्यायचा आणि किरकोळीत विकायचा. सोलापुरी चादरी, अगरबत्ती, माळा, पेढे, तसबिरी. गुरुवारी आणि पौर्णिमेला गर्दी, एरवी जेमतेम. शिवाय तालुक्याची हद्द थेट कर्नाटकाला भिडलेली. परवाना आणि कर याबद्दलच्या गैरसमजांना यापेक्षा सुपीक जमीन मिळणार नाही.

पहिला गैरसमज पटकन निकालात काढू : ‘शॉप ॲक्ट काढलंय, म्हणजे सगळं झालं.’ ज्याला अजूनही अनेक जण गुमास्ता म्हणतात तो कामगारविषयक कायदा आहे. महाराष्ट्राचा सध्याचा कायदा २०१७चा. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर त्यात नोंदणीही लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की भागतं. त्या कागदाचा जीएसटीशी संबंध नाही. पेढे, फरसाण किंवा तेल विकणाऱ्याला अन्नसुरक्षा कायद्याखाली एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक वेगळा घ्यावा लागतो आणि तो लहानात लहान विक्रेत्यालाही चुकत नाही. तीन कायदे, तीन कागद. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

आता मूळ प्रश्न : जीएसटी नंबर कधी लागतो? ‘चाळीस लाखांच्या वर’ हे उत्तर बाजारात सगळ्यांना पाठ आहे. १ एप्रिल २०१९पासून फक्त वस्तू विकणाऱ्यांसाठी ही मर्यादा आहे आणि महाराष्ट्राने ती स्वीकारली आहे. पण चाळीस लाख कशाचे, हे विचारलं की उत्तरं फुटायला लागतात.

नफ्याचे नव्हेत, विक्रीचे. वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला अकरा हजारांच्या आसपास गल्ला. तेल-साखरेसारख्या मालात नफा नखभर आणि उलाढाल हातभर असते, त्यामुळे हातात फारसं काही न उरणारा किराणावालाही ही रेघ ओलांडू शकतो.

त्याहून मोठा घोळ करमुक्त मालाचा. समजा, दुधनीतला एक दुकानदार वर्षाला ३६ लाखांची सुटी ज्वारी, गहू, डाळ विकतो आणि ५ लाखांचा साबण-बिस्किटं. त्याला वाटतं, धान्याला कर नाही, म्हणजे माझी उलाढाल पाचच लाख. कायदा दोन्ही मिळून ४१ लाख धरतो. नोंदणी घ्यावीच लागते. कर मात्र त्या पाच लाखांच्या मालावरच. पूर्णपणे करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीतून सूट आहे, मग उलाढाल कितीही असो. पण दुकानात करपात्र मालाचं एक कपाट आलं की हिशेब बदलतो. आणि तीच डाळ लेबल लावलेल्या, २५ किलोपर्यंतच्या पाकिटात आली तर १८ जुलै २०२२पासून तिला ५ टक्के कर आहे.

मर्यादेला अपवादही आहेत. तंबाखू, पानमसाला, आइस्क्रीम विकणाऱ्यांना २० लाखांची मर्यादा. माल विकणारा माणूस वर भक्तांना राहायला खोल्याही देत असेल, तर तो ‘फक्त वस्तू विकणारा’ राहत नाही. मग दुकान आणि खोल्या मिळून २० लाखच. उलाढाल पॅनवर मोजतात, त्यामुळे एकाच पॅनवर दोन पाट्या लावून ती दोन होत नाही.

‘रोखीत घेतलं तर दिसत नाही’ हा समज तर कायद्याबद्दलचा नव्हेच. विक्री ती विक्री, पैसे गल्ल्यात आले काय आणि क्यूआर कोडवर आले काय. उलट टोकाची भीतीही तितकीच चुकीची. जुलै २०२५मध्ये कर्नाटकच्या करविभागाने यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा काढल्या, तेव्हा बंगळुरात ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याला सुमारे २९ लाखांची मागणी गेली होती. ताज्या भाजीला कर नाही. खात्यात आलेला पैसा म्हणजे करपात्र विक्री नव्हे. अशा वेळी ते सिद्ध करायला खरेदीची बिलं कामी येतात.

आता सीमा. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला, तर चाळीस लाखांची सवलत सर्वसाधारणपणे उरत नाही. पहिल्या विक्रीपासून नोंदणी. आळंदच्या दुकानदाराला टेम्पोने चादरी पोचवल्या किंवा व्हॉट्सॲपवर मागणी घेऊन बंगळुरला अगरबत्तीचं पार्सल पाठवलं, की ती आंतरराज्य विक्री झाली. पुण्याला पाठवलेलं पार्सल मात्र राज्यातलंच. १ ऑक्टोबर २०२३पासून मर्यादेखालचे विक्रेते विनानोंदणी ऑनलाइन मंचावर विकू शकतात, पण नावनोंदणी क्रमांक घेऊन आणि राज्याच्या आतच.

म्हणून कलबुर्गीच्या भक्ताने दुकानातून माळ घेतली की नंबर लागतो का? नाही. साध्या गिऱ्हाइकाच्या बिलावर पत्ता नसेल तर विक्री दुकानाच्या ठिकाणी झाली असं धरतात. बिलावर परराज्यातला पत्ता किंवा नुसतं राज्याचं नाव लिहिलं, तर १ ऑक्टोबर २०२३पासून ती त्या राज्यातली विक्री ठरते. नोंदणीकृत दुकानदाराला ५० हजार किंवा त्याहून मोठ्या करपात्र बिलावर पत्ता लिहावाच लागतो.

पूजेच्या साहित्याला कर नाही, हे अर्धसत्य. रुद्राक्षमाळ, कुंकू, वाती, नारळ करमुक्त. अगरबत्तीला ५ टक्के. देवस्थानाने दिलेला प्रसाद करमुक्त, पण समोरच्या दुकानातून घेतलेले पेढे ही मिठाई आहे. ते देवापुढे ठेवले म्हणून कर सुटत नाही.

जुन्या व्यापाऱ्यांच्या डोक्यात अजून ‘सी फॉर्म’ आहे. १९५६च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याखाली तो दिला की पुनर्विक्रीचा माल परराज्यातून सवलतीच्या दराने यायचा, शेवटी तो दर २ टक्के होता. अमेरिकेत विक्रीकर असलेल्या राज्यांत दुकानदार ठोकवाल्याला ‘रीसेल सर्टिफिकेट’ देतो आणि खरेदीवर कर भरत नाही. म्हणून नंबर घेतला की माल बिनकराचा मिळेल, असं अनेकांना वाटतं. १ जुलै २०१७नंतर आपल्याकडे तसं नाही. खरेदीवर कर द्यायचा आणि पुढे तो वजा करून घ्यायचा. एक लाखाचा माल, ५ टक्क्यांनी ५ हजार कर दिला. तो १ लाख ३० हजारांना विकून साडेसहा हजार गोळा केले, तर भरायचे दीड हजार. मात्र पुरवठादाराने ते बिल पोर्टलवर चढवलेलं हवं, नाहीतर वजावट अडकते.

जीएसटीतली कंपोझिशन योजना घेतलेल्यांचं वेगळं. दीड कोटीपर्यंत उलाढाल असली तर व्यापाऱ्याला १ टक्का, तिमाही भरणा. पण तो खिशातून भरायचा, गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायचा नाही आणि खरेदीवरची वजावटही नाही. परराज्यातून खरेदी चालते, परराज्यात विक्री नाही. म्हणजे आळंद-अफजलपूरचं गिऱ्हाईक सांभाळणाऱ्या ठोक व्यापाऱ्याला ही योजना बसतच नाही. माझ्या मते अक्कलकोटात ती घेण्याआधी हाच प्रश्न विचारायला हवा.

कुणी ‘असू दे, कामी येईल’ म्हणून नंबर काढून ठेवतात. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावं लागतं. उशिराला दिवसाला २० रुपये शुल्क लागतं, आणि सलग सहा महिने विवरणपत्रं भरली नाहीत तर नोंदणी रद्द होऊ शकते. शिवाय नोंदणीकृत व्यापाऱ्याला राज्याचा व्यवसायकर वर्षाला अडीच हजार.

ठोकवाल्याचा नंबर खरा आहे का, हे जीएसटी पोर्टलवर कुणालाही फुकट पाहता येतं. महाराष्ट्राचा नंबर २७ने सुरू होतो, कर्नाटकाचा २९ने. आणि नोंदणीला सरकारी शुल्क नाही. सल्लागाराची फी जरूर द्या, पण ‘सरकारी फी’ म्हणून कुणी पैसे मागितले तर आधी पावती मागा.