गोड ज्वारी: गोडी ताटात, दाणा भाकरीचा

गोड ज्वारी म्हटली की बहुतेकांना हुरडा आठवतो. पण गुळभेंडीसारख्या हुरड्याच्या वाणांची गोडी कोवळ्या दाण्यात असते, गोड ज्वारीची ताटातल्या रसात. दाणा नेहमीच्या ज्वारीसारखाच.

‘म्हणजे उसाचाच प्रकार, धान्य कुठलं मिळणार?’ मिळतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘मधुरा’ हा संकरित वाण काढला तो धान्य, रस आणि वैरण एकाच पिकातून मिळावी म्हणूनच. दाणा पक्व झाला की कणसं खुडायची आणि ताटं लगेच चरकात घालायची, कारण रस आंबायला वेळ लागत नाही. उरलेलं चिपाड जनावरं आवडीने खातात. रस काढायचा नसेल तर अख्ख्या ताटांचा मुरघास उत्तम होतो. साखर कारखान्याच्या आशेवर मात्र राहू नये. रसात ग्लुकोज-फ्रुक्टोज बरंच असल्याने साखरेचे खडे नीट बनत नाहीत. काकवी किंवा इथेनॉल, हेच त्याचे खरे उपयोग.

मालदांडीच्या जागी रब्बीत हीच पेरावी, असंही काही जण सुचवतात. पण थंडीत आणि लहान दिवसांत हिचं ताट बुटकं राहतं, रस घटतो. ही खरिपाची ज्वारी. पेरणी लांबली तर खोडमाशी पोंगे मारते आणि काढणीत पाऊस गाठला तर दाणा काळा पडतो. हा धोका कुठलंही गोड नाव लपवू शकत नाही.

सगळ्यात घातक समज हा, की गोड ज्वारी विषारी नसते. ज्वारी कुठलीही असो, कोवळ्या पानांत धुरिन असतं आणि जनावराच्या पोटात त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. पावसाच्या ताणाने सुकलेलं पीक आणि कापणीनंतर फुटलेला खोडवा यांत ते जास्त. फुलोऱ्यानंतर ते बरंच उतरतं. नीट वाळवलेल्या कडब्यात आणि मुरलेल्या मुरघासातही कमी होतं. म्हणून पीक फुलोऱ्यात येईपर्यंत त्यात जनावर सोडू नका, खोडव्याचे हिरवे फुटवे तर मुळीच चारू नका. कोवळी ज्वारी खाल्लेलं जनावर धापा टाकू लागलं, तोंडाला फेस आला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवा. यावर सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन आहे, पण ते जितक्या लवकर मिळेल तितकं उपयोगी पडतं.