आधी तुडूम

सकाळपासून नवेगाव बांधच्या एका सेवा केंद्राबाहेर चपला वाढत होत्या. कुणाला सातबारा हवा होता, कुणाला लेकीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरायचा होता. संगणक सुरू होता, पण संकेतस्थळ उघडेना. ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ एवढंच पडद्यावर. केंद्र चालवणाऱ्या ताईंनी राऊटर तीनदा बंद-चालू करून पाहिला.

दुरुस्तीवाला आला आणि त्याने आधी पडद्याचा उजवा कोपरा पाहिला. तारीख होती १ जानेवारी २०१५.

सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते. ती चालू आहे की नाही, हे संगणक स्वतःच्या घड्याळावरून ठरवतो. घड्याळच २०१५ सालात अडकलं, तर आजचं खरं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं दिसतं. हे घड्याळ प्लग काढल्यावर मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या, तीन व्होल्टच्या सीआर २०३२ सेलवर चालतं. पावसाळ्यात विजांच्या धाकाने ताई रोज संध्याकाळी प्लग काढून ठेवतात. त्यात चूक काहीच नाही. फक्त सेल लवकर संपतो. नवा सेल बसला, तारीख लागली, संकेतस्थळ उघडलं.

दुसरा संगणक जास्त हट्टी. पंखा फिरतो, पडदा काळा.

“ताई, बांधीत पाणी नाही आलं तं आधी तुडूम पाहा लागते, मंग पाट. एकदम बांधीच नाही खोदत,” तो म्हणाला. कोलू पाटील कोहळींनी बांधलेल्या इथल्या तलावाकाठी हे कुणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तलावाचं पाणी तुडुमातून सुटतं, पाटाने जातं आणि मग धानाच्या बांधीत शिरतं. विजेचीही वाट तशीच: भिंतीवरचा बोर्ड, वायर, एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी, मग मदरबोर्ड. पंखा फिरतो म्हणजे वीज मदरबोर्डापर्यंत तरी पोचते आहे. मॉनिटरची केबल त्याने काढून पुन्हा बसवली. काही नाही. आता रॅम.

प्लग काढून त्याने चालू करायचं बटण काही क्षण दाबून धरलं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीजही उतरवली. मग रॅमची पट्टी काढली. तिच्या सोनेरी दातांवर मळकट थर होता. शाळकरी पोराच्या खोडरबराने तो हलकेच पुसला, चुरा ब्रशने झाडला आणि ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत पट्टी दाबली. पडदा उजळला.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही त्याची शिस्त खरी मोलाची. तीन गोष्टी एकदम हलवल्या, तर दोष कुठे होता ते कळतच नाही. एसएमपीएसची पेटी मात्र तो उघडत नाही. तिच्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही जोराचा झटका देऊ शकतात.

लेकीचा अर्ज भरला गेला, पावती छापून आली. दारात एक लहान पोरगं त्या काढलेल्या चकचकीत सेलकडे टक लावून पाहत होतं. असा सेल गिळला तर अन्ननलिका जाळतो. दुरुस्तीवाल्याने तो चिकटपट्टीत गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात ठेवला.