दुर्मिळ व्याधीतील औषध-चाचणी : अनुबंधाचा विचार

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा मांसधातूचा क्रमाने ऱ्हास करणारा जनुकीय व्याधी मुख्यतः मुलग्यांमध्ये आढळतो. नव्या औषधाच्या चाचणीत मुलाला सहभागी करावे काय, हे विचारण्यास त्याचे माता-पिता आपल्या वैद्यांकडेही येतात. ते बहुधा फलाविषयीच विचारतात. चरकसंहितेच्या विमानस्थानातील दशविध परीक्ष्य भावांपैकी ‘अनुबंध’, म्हणजे कार्यानंतर कर्त्याला अवश्य बांधणारा शुभाशुभ परिणाम, येथे आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

जनुक-उपचाराचेच पाहावे. त्यात जनुक वाहून नेण्यासाठी विषाणूचा उपयोग करतात. एका मात्रेनंतर शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात आणि उद्या त्याच प्रकारची अधिक सरस चिकित्सा आली, तरी तिचा मार्ग बहुधा बंद झालेला असतो. अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एलेव्हिडिस या उपचारानंतरही चालू न शकणाऱ्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याचे 2025 साली जाहीर झाले. आपल्याकडील 2019 च्या नियमांनुसार चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते, इजा झाल्यास भरपाईही मिळते; परंतु दिलेली मात्रा परत घेता येत नाही!

वैद्यांनी चालू असलेले कल्प, विशेषतः रसौषधी, चाचणी करणाऱ्या डॉक्टरांस लेखी कळवावेत. या व्याधीत स्नायूंच्या ऱ्हासामुळे एसजीपीटी मुळातच वाढलेले असते. त्यात न सांगितलेले औषध असल्यास यकृतदुष्टीचे कारण शोधणे दुष्कर होते. स्टिरॉइड मात्र आपल्या सल्ल्याने एकाएकी बंद करू नये.