जीपीएसच्या ‘चुका’ कामाला लागतात तेव्हा

अमेरिकेच्या पश्चिम भागात डोंगरात, वाळवंटात, कुरणांत शेकडो जीपीएस केंद्रं उभी आहेत. जमिनीत पक्क्या रोवलेल्या पोलादी पायांवर एक अँटेना, एवढंच त्यांचं रूप. भूकवचाचे तुकडे वर्षाला किती मिलिमीटर सरकतात हे मोजण्यासाठी ती बसवलेली. एवढ्या बारीक मापात एक अडचण कायम आडवी येते. उपग्रहाचा संदेश अँटेनाला थेट मिळतो आणि जमिनीवर आपटूनही मिळतो. छतावर अँटेना असायच्या त्या काळात टीव्हीवर माणसाशेजारी त्याचंच फिकट दुसरं चित्र दिसायचं, तोच हा प्रकार. सर्वेक्षणातले लोक याला ‘मल्टिपाथ’ म्हणतात आणि तो गाळून टाकण्यासाठी झटतात.

कोलोरॅडो विद्यापीठातल्या क्रिस्टीन लार्सन यांनी हा गाळ तपासायला घेतला. २००२ साली अलास्कात झालेल्या देनाली भूकंपात त्यांनी जीपीएसकडून भूकंपमापकाचं काम करून घेतलं होतंच. आता प्रश्न असा होता, की संदेश जमिनीवरून परावर्तित होऊन येत असेल, तर तो जमिनीबद्दल काही सांगतो का?

सांगतो, आणि बरंच सांगतो. उपग्रह क्षितिजावरून वर चढताना थेट आलेली लहर आणि परावर्तित लहर कधी एकमेकींना बळ देतात, कधी खोडतात. त्यामुळे संदेशाची तीव्रता लयीत वरखाली होते. ही लय अँटेना परावर्तक पृष्ठभागापासून किती उंच आहे त्यावर ठरते. खाली मीटरभर बर्फ साचलं, की ही उंची तेवढी कमी होते आणि लय संथ पडते. लयीतल्या फरकावरून बर्फाची जाडी काढता येते. लार्सन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ते दाखवून दिलं. माती भिजली, की लहरींचा मेळ थोडा पुढेमागे सरकतो. त्यावरून वरच्या काही सेंटिमीटर थरातली ओल कळते. समुद्रकाठच्या केंद्रावर हेच गणित भरती-ओहोटी मोजतं. नवं यंत्र एकही नाही, आणि मोजमाप एका बिंदूपुरतं न राहता अँटेनाभोवतीच्या सुमारे हजार चौरस मीटर परिसराचं मिळतं. मला तर हे गेल्या काही दशकांतलं सर्वांत देखणं भूविज्ञान वाटतं.

अशा ‘चुका’ आणखीही आहेत. हवेतल्या बाष्पामुळे संदेशाला किंचित उशीर होतो. त्या उशिरावरून डोक्यावरच्या हवेत किती पाणी आहे हे समजतं आणि हवामानाच्या अंदाजात ते वापरलं जातं. २०१७ मध्ये हार्वी चक्रीवादळाने टेक्सासवर इतकं पाणी ओतलं, की त्याच्या वजनाने ह्यूस्टन परिसराची जमीन सुमारे दोन सेंटिमीटर दबली. पाणी ओसरत गेलं तशी जमीन पुन्हा वर आली. जीपीएसने हे नोंदवलं, म्हणजे एका वादळाचं पाणी अक्षरशः तोललं गेलं. ब्राझीलमधल्या मनाऊस शहराजवळचं केंद्र तर अ‍ॅमेझॉनच्या पुरासोबत दरवर्षी ५ ते ७.५ सेंटिमीटर खालीवर होतं.

नासाने २०१६ च्या डिसेंबरात सोडलेले ‘सिग्नस’ मोहिमेचे आठ छोटे उपग्रह जीपीएस संदेशाच्या परावर्तनावरच बेतलेले आहेत. समुद्र खवळला, की त्यावरून परतणारा जीपीएस संदेश विखुरतो. त्यावरून वाऱ्याचा वेग काढला जातो. या लहरी दाट पावसातूनही आरपार जातात, म्हणून चक्रीवादळाच्या पोटातला वाराही मोजता येतो.

भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर अशीच सुमारे हजार कायमस्वरूपी केंद्रं उभारली आहेत, मुख्यतः जमीन मोजणी आणि नकाशांसाठी. त्यांच्या कच्च्या नोंदी, संदेशाच्या तीव्रतेसह, जपून ठेवाव्यात आणि आपल्या कृषी विद्यापीठांना, हवामान संशोधकांना व भूगोलाच्या विद्यार्थ्यांना सहज मिळाव्यात. मराठवाड्यातल्या मातीची ओल रोज मोजण्याची संधी त्या नोंदींत असू शकते, ती तपासून पाहायलाच हवी.