दहावा माणूस रस्त्यापलीकडे

शुक्रवारी दिवस कलला की वडखळ नाक्यावर गाड्यांची रांग लागते. मुंबईहून सुट्टीला निघालेली मंडळी इथून अलिबागकडे वळतात, उरलेली महामार्गाने नागोठणे, कोलाडच्या दिशेने पुढे जातात. हा लोंढा पेण तालुक्याच्या अंगवळणी पडलेला आहे. नेमक्या त्याच घटकेला, सूर्य मावळायच्या आत, पेण आणि रोह्यातल्या मोजक्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुदी, घरांत शब्बाथचा, शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लागतो. तिथून शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसेपर्यंत काम बंद. रायगडच्या रस्त्यांवरचा आठवड्यातला सगळ्यात गजबजलेला वेळ आणि या घरांतला सगळ्यात निवांत वेळ असे एकत्रच सुरू होतात. मधे असतो तो रस्ता, आणि प्रार्थनेला जायचं तर तो पायीच ओलांडावा लागतो.

पेण म्हटलं की लोकांना गणपती आठवतात, पापड-पोहे आठवतात. रोहा म्हटलं की कुंडलिका, धावीर महाराज, धाटावची एमआयडीसी आणि कोकण रेल्वेची सुरुवात. या दोन्ही गावांनी यहुदी समाजाला आडनावं दिली, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही बेने इस्रायली आडनावं आहेत. तळ्याचे तळकर, किहीमचे केहिमकर, नागावचे नागावकर हेही त्याच गोतावळ्यातले. गावाच्या नावाला ‘कर’ लावून आपली ओळख सांगणारा हा समाज मराठी बोलतो, मराठीत भांडतो आणि मराठीतच कीर्तनं करत आला आहे.

समाजाची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि हा समाज त्यांचा वंश. नवगावला त्यांचं जुनं दफनस्थळ आणि स्मारक आहे. पोथ्या पाण्यात गेल्या, पण काही गोष्टी टिकल्या: मुलाची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाणं, ‘शेमा’ची प्रार्थना आणि शनिवारची सुट्टी. कोकणात हे लोक तेलाचे घाणे चालवत. शनिवारी त्यांचा घाणा थांबे, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागलं. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी या समाजाचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिला. तो १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला. समाजाची जुनी राहणी समजून घ्यायची तर आजही त्याच पुस्तकाकडे वळावं लागतं.

घाणा थांबला की बैल सुटत आणि रस्ता मोकळाच असे. त्या काळी खेड्यांत सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळं, नव्हती, प्रार्थना घरातच होत. मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली पहिलं सिनेगॉग बांधलं आणि पुढच्या शतकात कोकणातही ती उभी राहिली. अलिबागचं मागेन आबोथ १८४८चं. ते ज्या गल्लीत आहे तिला आजही इस्रायल आळी म्हणतात. रेवदंडा, पनवेल, पोयनाड, पेण आणि रोहा-अष्टमी इथेही प्रार्थनास्थळं झाली. पेणच्या सिनेगॉगचं नाव बेथ हा एलोहिम, म्हणजे देवाचं घर. गावागावांत ही स्थळं वस्तीच्या पोटात बांधली गेली, कारण तिथवर चालतच यायचं होतं.

शनिवारी वाहन का नाही, तर शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही. गाडीच्या इंजिनात ठिणगी पडते, म्हणून गाडी नाही. घराबाहेर वस्तू वाहून न्यायची नाही, म्हणून हातात बॅटरी नाही, खिशात फोन नाही, रिक्षाला द्यायला पैसे नाहीत. वस्तीच्या सीमेबाहेर दोन हजार हात, म्हणजे साधारण एक किलोमीटर, एवढीच चालण्याची मुभा. आता पेण-रोह्यातला प्रत्येक बेने इस्रायली हे सगळं काटेकोर पाळतो असं नाही. कोकणातल्या घरांनी आपापल्या परिस्थितीप्रमाणे वाट काढली आहे, आणि त्यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही. पण जे पाळतात ते बहुधा घरातले वयस्क. रस्त्यावर ज्यांना सगळ्यात जास्त जपायला हवं, तेच शनिवारी सगळ्यात जास्त चालतात.

इथे दहाचा हिशेब येतो. सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. वयाची तेरा वर्षं पूर्ण झालेला मुलगाही त्यात धरतात. नऊ जमले तर तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी बाहेर काढून वाचता येत नाही. मेलेल्या आईवडिलांसाठी म्हणायचा कद्दीशही म्हणता येत नाही. मुंबईसारख्या ठिकाणी दहा माणसं मिळतात. जिथे समाजाची घरं बोटांवर मोजावी लागतात, तिथे दहावा माणूस मिळवणं हेच मोठं काम. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली. दिमोना, लोद, अश्दोद, बेर्शेबा या गावांत आज मराठी ऐकू येतं, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघत आलं आहे. कोकणात मागे उरलेल्यांत म्हातारी माणसं जास्त. अशा वेळी सत्तरी ओलांडलेल्या एकाला नाक्यावरचा रस्ता ओलांडायची धास्ती वाटली आणि तो घरीच राहिला, तर प्रश्न त्याच्या एकट्याच्या भक्तीचा राहत नाही. उरलेल्या नऊजणांची प्रार्थनाही अडते. पादचाऱ्याची सुरक्षितता आणि धर्माचरण यांचा इतका थेट संबंध मला दुसरीकडे दिसलेला नाही.

पेणच्या बाजारपेठेतून चालून पाहावं. दुकानाच्या पायरीला लागून दुचाकींची रांग, तिच्या बाहेर हातगाडी, हातगाडीच्या बाहेर मिनीडोर सवारीची वाट बघत उभी. चालणाऱ्याला उरते ती रस्त्याची कड. तिथे गटारावरची लादी कधी असते, कधी नसते, आणि जी असते ती पाय पडला की डुलते. तरणा माणूस उडी मारून जातो. काठी टेकत येणारा थांबतो, मागे बघतो आणि गाड्यांच्या मधून रस्त्यावर उतरतो. श्रावण लागला की यात मूर्तींचे ट्रक आणि टेम्पो मिसळतात. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतून लाखो मूर्ती बाहेर पडतात. या उद्योगावर तालुका जगतो, तेव्हा ट्रक नकोत असं कुणीच म्हणणार नाही. त्यांना वाट हवी तशी माणसालाही हवी, एवढंच.

रोह्यात अडचण वेगळी आहे. रोहा आणि अष्टमी ही कुंडलिकेच्या दोन काठांवरची गावं. नगरपरिषदही दोघांची मिळून एक. एका काठावरून दुसऱ्या काठाला जायचं तर पूल चढावाच लागतो, आणि पुलावर पादचाऱ्याला आडवाट नसते. पावसाळी शनिवारी एका हाताने कठडा धरायचा, दुसऱ्या हाताने धोतर किंवा साडी सावरायची आणि अवजड गाडी जाईपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं, हे रोह्यातल्या कुठल्याही धर्माच्या म्हाताऱ्या माणसाला नवीन नाही. एमआयडीसीची वाहतूक शनिवार पाळत नाही.

पण वर्षातला खरा कसोटीचा दिवस दारफाळणीचा. हिब्रूत त्याला योम किप्पूर म्हणतात, क्षमायाचनेचा दिवस. कोकणातल्या जुन्या चालीप्रमाणे त्या दिवशी लोक पांढरे कपडे घालून दारं लावून घेत आणि कुणाशी संबंध ठेवत नसत, त्यावरून हे नाव. संध्याकाळपासून दुसऱ्या रात्रीपर्यंत, जवळपास पंचवीस तास, अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. कातडी चपला घालायच्या नाहीत, म्हणून पायात कापडी बूट किंवा रबरी सपाता. उपाशी, तहानलेलं, पातळ सपाता घातलेलं माणूस उन्हातून सिनेगॉगपर्यंत चालत येतं आणि शेवटची प्रार्थना आटोपून अंधारात परत जातं. त्यातल्या त्यात पांढरे कपडे अंधारात दिसतात, हे बरं.

आता पंचांग बघा. यहुदी महिना अमावास्येनंतर सुरू होतो, आपलाही. त्यामुळे दोन्हीकडचे सण चंद्राचा हात धरून जवळजवळ चालतात. त्यांचा पुरीम आपल्या होळीच्या आसपास येतो, म्हणून कोकणातले बेने इस्रायली त्याला होळीचा सणच म्हणत. नव्याचा सण, म्हणजे त्यांचं नववर्ष, बरेचदा घटस्थापनेला येऊन टेकतं. दारफाळणी ही त्या महिन्याची दशमी. २०२४ मध्ये ती १२ ऑक्टोबरला आली, त्याच दिवशी दसरा होता आणि वारही शनिवार. २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला पुन्हा दसरा आणि दारफाळणी एकत्र. दसऱ्याला गावातली प्रत्येक गाडी धुऊन, हार घालून रस्त्यावर येते. त्याच रस्त्याने उपाशीपोटी चालत जाणारी माणसंही असतात, ही गोष्ट गावाला माहीत हवी.

हे अवघड नाही, आणि त्याचा दाखला रोह्यातच आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते. पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, पालखी घरोघर जाते, आणि तोवर रस्ता माणसांचा असतो. गाड्या थांबतात, वळवल्या जातात, कुणी तक्रार करत नाही. पेणमध्येही विसर्जनाच्या दिवशी हेच होतं. चालणाऱ्या भाविकाला वाट करून देण्याची कला या गावांना उपजतच येते. ती मोठ्या गर्दीसाठी वापरली जाते, दहा माणसांसाठी अजून वापरलेली नाही.

जगात इतरत्र काय करतात तेही पाहण्यासारखं आहे. जेरुसलेमच्या बार-इलान रस्त्यावरून १९९६ साली मोठा वाद पेटला. धार्मिक वस्तीतून जाणारा हा हमरस्ता शनिवारी बंद ठेवा, ही एका बाजूची मागणी. दुसरी बाजू म्हणे, आमची ये-जा अडवू नका. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी प्रार्थनेच्या वेळांपुरता रस्ता बंद, बाकी वेळ खुला, असा मार्ग निघाला. योम किप्पूरला तर इस्रायलमध्ये रस्ते इतके रिकामे होतात की मुलं हमरस्त्यावर सायकली चालवतात. अमेरिकेतल्या यहुदी वस्त्यांत रात्री चमकणारे पट्टे वाटतात. वस्तू हातात धरून नेणं शब्बाथला निषिद्ध, पण अंगावर घातलेला पट्टा हा पोशाखच, त्यामुळे धर्माची आडकाठी येत नाही. काही वस्त्यांत सिग्नलचं बटण दाबावं लागू नये म्हणून शनिवारी पादचाऱ्यांचा दिवा आपोआप लागतो. पेण-रोह्याला रस्ते बंद करण्याची गरज नाही आणि तसं कुणी मागितलेलंही नाही. पण वेळेपुरती सोय ही कल्पना उचलण्याजोगी आहे.

आपल्याकडचा आकडा डोळ्यांआड करता येत नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे पाचातला जवळपास एक. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. हे दोन निर्णय एकत्र वाचले तर नगरपालिकेच्या पातळीवर करायचं काम समोर येतं, आणि ते फार खर्चाचं नाही. सिनेगॉगकडे जाणाऱ्या वाटेवर गटाराच्या लाद्या बसवणं, एक पांढरे पट्टे आखलेली जागा, तिच्यावर चालू असलेला दिवा, वाहनांना वेग कमी करायला लावणारा एक उंचवटा. शुक्रवारी सांजेला आणि शनिवारी सकाळी तासभर एक होमगार्ड. त्याचा उपयोग शाळेतल्या पोरांना होईल, बाजारहाट करणाऱ्या बायकांना होईल, मशिदीत आणि देवळात जाणाऱ्यांनाही होईल.

बेने इस्रायली घरांत शुभप्रसंगी प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा होतो. भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, बाजूला पाच फळं. पोहे कोकणातले, नारळ कोकणातला, आशीर्वाद मात्र हिब्रूत. ज्यांनी शेकडो वर्षं आपली श्रद्धा या मातीत अशी मिसळली आणि कुणाला कधी त्रास दिला नाही, त्यांच्यासाठी एका नाक्यावर तासभर माणूस उभा करणं हे उपकार नव्हेत, शेजारधर्म आहे.

२०२६ मध्ये दारफाळणी २० सप्टेंबरच्या सूर्यास्ताला सुरू होऊन २१ तारखेला रात्री संपते. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे हा उपास ऐन गणेशोत्सवात येणार. उत्सवाच्या बंदोबस्ताची बैठक दोन्ही गावांत होतेच. त्या बैठकीच्या कागदावर या दोन तारखा आणि सिनेगॉगचा रस्ता, एवढ्या दोन ओळी पेण आणि रोह्याच्या नगरपरिषदांनी आणि पोलिसांनी आवर्जून लिहून घ्याव्यात.